जवळ्याचं वर्गीकरण

माझा नवरा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा आणि घरी आल्यावरही ते थांबवायचा नाही. ताटात बोंबील पडला की आधी त्याचं लॅटिन नाव, मग घास. लग्नानंतर काही महिने मला त्याचं कौतुक वाटलं. पुढे तो नाव उच्चारायला लागला की मी पाणी आणायच्या निमित्ताने उठायची. कुठल्याही जिवाला योग्य खणात टाकलं की त्याच्या बाबतीतलं आपलं काम संपलं, असा त्याचा पक्का समज होता.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही मनवेलपाड्याला फ्लॅट घेतला होता. सासरे गेले आणि सासूबाई अर्नाळ्याच्या कोळीवाड्यात एकट्या पडल्या. आमच्याकडे यायला त्या काही तयार होईनात. शेवटी एकदा येऊन आमच्या इमारतीची गच्ची बघून गेल्या आणि तिथे ऊन भरपूर आहे म्हणून राहायला आल्या. थंडीत त्या जुन्या साडीवर ओला जवळा, म्हणजे नखाएवढी कोळंबी, वाळत पसरायच्या, काठी घेऊन कावळे हाकत बसायच्या, दुपारी हाताने सगळा उलटापालटा करायच्या. संध्याकाळी खाली उतरताना त्यांचा चेहरा निवांत असायचा. मला त्या घरात हव्या होत्या. नवऱ्याबद्दल मी तेव्हा इतक्या खात्रीने बोलले नसते.

सोसायटीच्या अध्यक्षांना मात्र वास यायचा. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, दिवसभर करायला काही नाही म्हणून नियम करायचे. त्यांनी खालच्या फळ्यावर लिहिलं की गच्चीवर मासे वाळत घालू नयेत. सासूबाईंनी मला एवढंच सांगितलं की ऊन नसेल तर त्या परत जातील, चार भिंतींत बसून त्यांना जमणार नाही. म्हणजे हिशेब सरळ होता. गच्ची राहिली तर त्या राहणार होत्या.

कोणीही शहाणा माणूस अध्यक्षांच्या घरी जाऊन म्हणाला असता, आई म्हातारी आहे, वडील नुकतेच गेलेत, थंडीपुरतं चालवून घ्या. अध्यक्ष काही दुष्ट नव्हते, ऐकलंही असतं त्यांनी. पण विनंती करायला प्राणिशास्त्र लागत नाही, मग ती करण्यात मजा काय? माझा नवरा सभेला कॉलेजातला तक्ता, भिंग आणि बशीत मूठभर जवळा घेऊन गेला.

तिथे त्याने व्याख्यानच ठोकलं. माशाला पाठीचा कणा असतो, जवळ्याला नसतो. जवळ्याला सांधे असलेले पाय असतात, म्हणून तो संधिपाद. कोळंबी, खेकडा, विंचू, झुरळ ही सगळी मंडळी त्याच संघातली. तेव्हा 'मासे' हा शब्द जवळ्याला लागूच होत नाही. बशी आणि भिंग सभेत फिरलं. आमच्या कोकणातल्या शेजारणी, एरवी वाटी घेऊन सासूबाईंकडे जवळ्याची चटणी मागायला येणाऱ्या, त्यांनीही भिंगातून बघितलं आणि पदर तोंडाला लावला. अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मुद्दा मान्य केला. नवरा घरी आला तो लढाई मारून आल्यासारखा. शास्त्रापुढे कोणाचं चालत नाही, असं मला सांगून पोटभर जेवला.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर नवी सूचना होती: 'गच्चीवर मासे, तसेच झुरळवर्गीय कीटक वाळत घालू नयेत.'

नवरा ती वाचून चपलांसकट घरात शिरला. मला क्षणभर वाटलं, याला आईचं वाईट वाटलं. पण नाही. वर्ग चुकलाय म्हणून तो भडकला होता. झुरळ आणि जवळा एका संघातले असले तरी एका वर्गातले नाहीत, हे अध्यक्षांना कळू नये याचा त्याला संताप. त्याने तिथल्या तिथे अर्ज लिहायला घेतला.

सूचना सासूबाईंना वाचता येत नव्हती, पण ती सांगायला शेजारणी होत्याच. सासूबाईंनी आपणहून चटणीची वाटी भरून समोरच्या घरी नेली. ती भरलेलीच परत आली. मुलं आता खायला बघत नाहीत हो काकी, असं त्या बाईने सांगितलं. सासूबाईंनी वाटी कट्ट्यावर ठेवली आणि आत जाऊन लुगडी बांधायला घेतली. नवरा दारात येऊन थांब म्हणाला, दुरुस्ती करून घेतो म्हणाला. त्या थांबल्या नाहीत.

दुरुस्ती झाली. अर्जांना कंटाळून अध्यक्षांनी 'झुरळवर्गीय कीटक' खोडून 'कवचधारी वर्गातील प्राणी' असं लिहिलं. एवढं सांगायला नवरा मला घेऊन अर्नाळ्याला गेला. सासूबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी सगळं नीट ऐकलं.

"मंग आता गच्चीवर जवला सुकत घालू?"

"नाही आई, ते बंदच आहे. पण आता नाव बरोबर आहे."

त्यांनी चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग माझ्याकडे वळल्या.

"बाय, जेवून जा. जवला केलाय. याला इचार, झुरलं खाशील काय."

तो समोरच बसला होता.