जऊळक्याच्या फाटकावर
आज मिक्सरची वायर जळाली आणि त्या वासासरशी मला जऊळक्याचं रेल्वे फाटक आठवलं. बायकोला नव्या नोकरीवर रुजू व्हायचं होतं, म्हणून मी तिला स्टेशनवर सोडायला निघालो होतो. आमची एसयूव्ही दुसऱ्याने वापरून विकलेली. बॅटरी बदलली, वायरिंग उकलून पाहिलं, तरी ती कधी दगा देईल याचा नेम नसे. मालगाडी जाईपर्यंत मी इंजिन बंद केलं. फाटक उघडल्यावर किल्ली फिरवली, तर रखरखत्या उन्हात वायपर सुरू झाले, दारं आपोआप लॉक झाली आणि जळका वास सुटला. इंजिन मात्र ढिम्म. मागून ट्रॅक्टरवाला ओरडला, "काहून थांबले भाऊ? काढा ना!" मी संतापून स्टिअरिंगवर मुठी आपटल्या. "तिले कायले मारून राह्यले? तुमी बसा, मी चालली," म्हणत बायकोने कित्येक दिवस काच वर न सरकलेल्या खिडकीतून बॅग बाहेर टाकली, नव्या साडीनिशी स्वतःही तिथूनच उतरली आणि मागे न बघता स्टेशनकडे धावत सुटली. तिला रेल्वे मिळाली. ती एसयूव्ही मी केव्हाच विकली, आता दारात कोरी गाडी उभी असते. तरी कुठे जायचं म्हटलं की बायको आधी एसटीची वेळ विचारते.