उंबऱ्याआधीची वाट

तळेऱ्याहून विजयदुर्गाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून तुळसाच्या सासऱ्यांची जमीन होती. जमीन म्हणजे करवंदीच्या जाळ्या, जांभा दगड, अंगावर येणारा चढ आणि वर टोकाला चार गुंठे सपाटी. तिथे घर बांधायचं म्हणत म्हणत सासरे गेले. तुळसा आणि तिचा नवरा गंगाराम भावकीच्या घरात एका खोलीत संसार करत होते, तोही अर्धाच, कारण गंगाराम मुंबईला गोदीत कामाला.

१९५७च्या चैत्रात त्याचं पत्र आलं. पुढच्या शिमग्याला दोन महिन्यांची रजा मिळणार होती. तोवर चिऱ्यांची गाडी सपाटीपर्यंत चढेल अशी वाट झाली, तर घर बांधू. नाहीतर परळला खोली बघून ठेवली आहे, तू इकडेच चल.

मुंबई तुळसाने एकदा पाहिली होती. तिथे तुळस डालड्याच्या डब्यात लावतात, एवढंच तिच्या लक्षात राहिलं होतं. तिने पत्र देवापुढे ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी कुदळ खांद्यावर टाकून माळ गाठला.

खाणीवरून चिरे आणणारा गाडीवान बाबली रस्त्यावरून जाता जाता थांबला. "वयनी, पावण्याक वाट दाखवतलास, पण बसवतलास खंय?" असं म्हणून तो पोटभर हसला. पण माणूस कामाचा. वाट सरळ काढा, अंतर कमी, माझे बैल एका दमात चढतील, असं त्यानेच सांगितलं.

सरळ वाटेच्या मधोमध राखणदाराचा, जमीन राखणाऱ्या देवाचा, दगड होता. कमरेएवढा, काळा, सासऱ्यांच्या आज्यालाही तो कोणी बसवला ते ठाऊक नव्हतं. वर्षातून एकदा त्याला नारळ मिळे. त्याला हात लावायचा तर देवाला विचारायला हवं. तुळसा रवळनाथाच्या देवळात गेली. गुरवाने देवाच्या अंगावर फुलांच्या पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं, दगड बाजूला करू काय म्हणून विचारलं. होकाराची उजवी पाकळी चटकन सुटली. कौल मिळाला.

तिने दगडाला दोन कळशा पाणी घातलं, नारळ फोडला, आणि पाच जणांनी पहारी लावून तो उचलून काजूखाली ठेवला. खालची माती ओली होती. वैशाखाचं ऊन, भोवतालचा जांभा तापून भाजत होता आणि इथे गार, काळी ओल. पूजेचं पाणी मुरलं, सगळे म्हणाले. तुळसाने त्या ओलीला बोट लावून डोळ्यांना लावलं. चौथ्या दिवशी खणतानाही ती ओल तशीच होती. देव प्रसन्न झाला असं समजून तिने हात जोडले आणि तिथे आणखी हातभर खोल खणलं.

मिरगाआधी वाट झाली. लाल, सरळ, सपाटीपर्यंत.

आषाढात एका सकाळी डोक्यावर इरलं घेऊन ती बघायला गेली. वाट नव्हती. दगड जिथून काढला, तिथून मनगटाएवढं पाणी उसळत होतं आणि तिने वेचून घातलेली खडी खालच्या रस्त्यावर नेऊन टाकत होतं. तिला रडू यायला हवं होतं, पण ती नुसती उभी राहिली. एवढं पाणी ह्या खडकाच्या पोटात होतं. कोणीतरी ते ओळखलं होतं, त्याच्या डोक्यावर खूण ठेवली होती आणि आपलं नावही न ठेवता तो माणूस निघून गेला होता.

तशीच ओलेत्याने ती देवळात गेली. कौल चुकला कसा, असं तिने गुरवाला विचारलं. गुरव वात वळत होता. त्याने मान वर केली नाही.

"जा विचारलंस, ताच देवान सांगल्यान. दगड हलवू काय म्हणून विचारलंस. वाट खयसून काढू, ह्या तू विचारलंसच नाय गो."

आता विचारतेस काय, असंही तो म्हणाला. तुळसाने गाभाऱ्याकडे बघून हात जोडले. मग म्हणाली, आधी मी बघते, मग विचारते.

पाऊस ओसरल्यावर तिने आपली तांबू गाय रोज सकाळी रस्त्याकडेला सोडायला सुरुवात केली. वर सपाटीवर कोवळं गवत होतं. तांबू आपल्या चालीने निघे आणि तुळसा सुपातली चुलीची राख तिच्यामागे सांडत जाई. आठ दिवस राखेची रेघ जवळपास तीच उमटली. तीन वळणं घेत, दम न लागता चढणारी, आणि झऱ्यापासून वीस पावलं लांबून जाणारी. मुक्या जनावराला हे कोणी सांगितलं असेल, असं म्हणत तुळसाने तांबूच्या पाठीवरून हात फिरवला. मग ती देवळात गेली आणि ह्या रेघेवरून वाट काढू काय म्हणून विचारलं. उजवी पाकळी ह्या वेळी सावकाश सुटली.

दगड परत जागेवर गेला, झऱ्याचं तोंड मोकळं ठेवून. घटस्थापनेपासून माघापर्यंत तुळसा राबली. जेवणं आटपून भावकीतल्या बायका येत, खडी फोडत, उताराच्या अंगाला दगडांचा गडगा रचत. वाट दुप्पट लांब झाली म्हणून बाबली कुरकुरला, पण सांगितल्या दिवशी गाडी घेऊन हजर झाला.

गंगारामही त्याच दिवशी आला. ट्रंक गाडीत चिऱ्यांवर ठेवून तो मागून चालू लागला. पहिलं वळण, दुसरं वळण. बैलांना हाकावं लागलं नाही. तिसऱ्या वळणावर बाबलीने गाडी थांबवली, झऱ्याशी गेला, बैलांसाठी बादली भरली. फाल्गुनातही पाणी वाहत होतं. बाबलीची चेष्टा कुठे गेली कोण जाणे. त्याने पायातल्या चपला काढल्या आणि दगडाला हात लावून तो हात कपाळाला लावला.

गाडी सपाटीवर चढली. गंगारामने ट्रंक उतरवली आणि मोकळ्या जमिनीवर ठेवली. वळत गेलेल्या वाटेवरून त्याने खालपर्यंत नजर फिरवली. परळच्या खोलीचं नाव त्याने काढलं नाही.

"उंबरो खंय येतलो?" त्याने विचारलं.

तुळसाने पायाच्या अंगठ्याने मातीत एक आडवी रेघ ओढली. वाट जिथे संपत होती, बरोबर तिथे.