करकर वाजणारी चप्पल

परवा शिवाजी पेठेतल्या एका दुकानात तेल पाजलेल्या नव्या चपलांचा वास आला आणि वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची एक दुपार आठवली.

माझी सुमी तेव्हा सात वर्षांची होती. तिला सगळं कळायचं, पण बोलता यायचं नाही. तिच्या शाळेतल्या बाईंनी चित्रांचा एक तक्ता दिला होता. तांब्या, ताट, चप्पल. हवं त्यावर तिनं बोट ठेवायचं. अशानं पोरगी कधी बोलायचीच नाही, म्हणून मी तो महिनाभर कपाटावर टाकून दिला होता. त्या दिवशी बायकोनं तो खाली काढला.

मी घरात पाऊल टाकलं तशी सुमी तक्त्यावरच्या चपलेवर बोट आपटू लागली.

"भाईर न्हाय जायचं आत्ता! काय पायजे ते तोंडानं सांग की!" मी ओरडलो. तिचं बोट तिथनं हलेना.

भाकरी थापता थापता बायको म्हणाली, "अवो, भाईर कुठं मागतीया? तुमची चप्पल करकर वाजली की तिला कळतंय तुमी आलाय. चप्पल म्हंजे तुमी. हाक मारतीया तुमाला."

सुमीनं मला मारलेली ती पहिली हाक होती. तिला ओ द्यायचं सोडून मी ओरडलो होतो.