खालच्या पट्टीतला माणूस

माझे पती जाऊन वर्ष होत आलं, तेव्हा लक्षात आलं की त्यांचा आवाज मला नीट आठवेनासा झाला आहे. ते काय बोलायचे ते आठवत होतं. कुठल्या वेळी, कुठं उभं राहून, तेही आठवत होतं. पण त्या शब्दांखाली जो जड, सावकाश खर्ज असायचा, तो कानाशी येईना. मोबाइलमध्ये पुतण्याच्या लग्नातला एक व्हिडिओ आहे. त्यात ते पंगतीत आग्रह करत फिरताना दिसतात. मी तो लावला. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून एक बारीक, कोरडा आवाज आला. ओठ त्यांचे होते. मी तो बंद केला आणि परत लावलेला नाही.

त्याऐवजी मी ऑपेरा लावते.

ऑपेरा आमच्या घरात फार उशिरा आला. मी धुळ्याच्या एका महाविद्यालयात इंग्रजी शिकवायचे. ऑपेराबद्दल पुस्तकांत वाचलं होतं, ऐकला कधीच नव्हता. निवृत्तीनंतर आम्ही जळगावात मेहरूणला राहायला आलो. मोठा टीव्ही घेतला, त्याला जोडायचे वेगळे स्पीकर घेतले, आणि एका संध्याकाळी मी सहज एक ऑपेरा लावला. गाणं इटालियन, खाली इंग्रजी ओळी. सुरुवातीला मी अभ्यासाला बसल्यासारखी पाहत होते. मग तो आला.

नायक नव्हे. नायक आधीच येऊन गात होता, उंच चमकदार आवाजात, एक हात छातीवर ठेवून. हा दुसराच कुणी मागच्या दारातून आला आणि चौकटीला खांदा टेकवून उभा राहिला. गुडघ्यापर्यंत बूट, गळ्याशी सैल सोडलेला सदरा, आणि घाई कसलीच नाही. त्यानं तोंड उघडलं आणि तो आवाज कानांत पोचण्याआधी माझ्या छातीत येऊन बसला.

या आवाजाला बॅरिटोन म्हणतात, हे मी नंतर वाचलं. बॅरिटोनच्या वाट्याला जमीनदार येतात, अंमलदार येतात, फसवे प्रियकर, नाही तर मुलीचा बाप. नायिका त्याला बहुधा मिळत नाहीच. तरी तो रंगमंचावर असेपर्यंत माझी नजर दुसरीकडे जात नसे. नायक सारखा मागत असतो: प्रेम माग, क्षमा माग, आणखी एक दिवस माग. बॅरिटोन तिच्याकडे बघत थांबतो. त्या थांबण्यात मला जे वाटायचं ते साठीच्या बाईनं सांगू नये असं म्हणतात. पण मला ते वाटायचं, आणि शेजारी बसलेल्या माणसापासून मी ते कधी लपवलं नाही.

त्यांना पहिल्या दिवशी पडलेला प्रश्न वेगळाच होता.

"अहो मॅडम, याचा माइक कुठंय?"

"नसतो. ऑपेरात माइक लावत नाहीत."

"समोर एवढी वाद्यं वाजतायत आणि माइक नाही?" ते उठून टीव्हीजवळ गेले, वाकून त्या गायकाची कॉलर बघून आले. "मग आम्ही जन्मभर उगाच वीज जाळली म्हणायची."

ते धुळ्याच्या बस स्थानकावर कंट्रोलर होते. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली हे माइकवरून सांगण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. त्यामुळे पुढं रोजचा खेळ झाला. मी स्वयंपाकघरात असले की बाहेरून घोषणा यायची, "मॅडम, तुमचे खालच्या पट्टीवाले स्टेजवर लागले आहेत. लवकर यावे."

एकदा माझी नणंद राहायला आली होती. धुळ्याजवळच्या खेड्यातली, सगळं बोलणं अहिराणीत. तिनं बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "वहिनी, हाऊ कोण शे? जमीनदार शे का?"

"हो, या गोष्टीत जमीनदारच आहे."

"मंग ती पोर याले सोडीसन त्या रडक्यामांगे काबर पयनी?"

"तुनी वहिनीले इचार," हे म्हणाले. "तिना जीव यानावरच शे."

नणंदेनं माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. "दिसाले तं चांगला शे," ती म्हणाली आणि मांडी बदलून नीट बसली.

मला बॅरिटोन आवडत होते कारण मी तसल्या आवाजाला आधीच एकदा भुलले होते. लग्नाआधी मी माहेरी, जळगावला राहून रोज एसटीनं धुळ्याला शिकवायला जायचे. परतताना स्थानकावर पुस्तक उघडून बसायचे आणि कर्ण्यातून गाड्यांची नावं ऐकायचे. पारोळा, एरंडोल, जळगाव. कर्ण्यातला आवाज चिरका, पण बोलणारा दोन नावांच्या मध्ये थांबायचा ते मला आवडायचं. एक दिवस गाडी लागेना म्हणून खिडकीशी जाऊन विचारलं. आतला माणूस माइक बाजूला ठेवून म्हणाला, "यायचीय अजून. बसा." कर्ण्यात न मावलेला सगळा आवाज त्या "बसा"मध्ये होता. मी बसले. त्यानंतर गाडी वेळेवर लागली असली तरी मी खिडकीशी जाऊन विचारत असे.

आता बॅरिटोन ऐकताना मी तेवढंच शोधते. प्रत्येकात एखादी जागा सापडते, एखादा स्वर खाली उतरून टेकतो आणि वाटतं, हेच. मग तो गायक पुढं जातो, परका होतो. देखणा असतो, राजबिंडा असतो. पण मला "दूध आलं का" असं विचारणारा आवाज हवा असतो, आणि ते कुठलाही ऑपेरा विचारत नाही.

त्यांचा पहिला स्मृतिदिन आमच्या भागातल्या बुद्धविहारात केला. तिथं वंदना घेताना एक जण पुढं म्हणतो आणि बाकीचे त्याच्यामागून; पहिली ओळ तीनदा. बरीच वर्षं पुढं म्हणणारे हेच होते. त्यांची पट्टी इतकी खाली, की बायका कुरकुरायच्या, "भाऊ, जरा वर घ्या, आमचा गळा तिथं पोचत नाही." ते मान डोलवायचे आणि तिथूनच सुरू करायचे.

त्या दिवशी शेजारचे आबा पुढं बसले. त्यांचा आवाज बारीक, उंच. त्यांनी आपल्या पट्टीत पहिली ओळ म्हटली. आणि मागून सगळी सभा, कुणी ठरवलं नसताना, सवयीनं खाली उतरली. आबांनी चमकून वर पाहिलं. काही चुकलं का, असा त्यांचा चेहरा. मग दुसऱ्यांदा म्हणताना तेही खाली यायला लागले. त्यांना ते झेपेना, आवाज फाटला, तरी त्यांनी पट्टी सोडली नाही.

नणंद माझ्या कानाशी म्हणाली, "वहिनी, बठ्ठा खाले गयात."

सगळे खरंच खाली गेले होते. इतक्या माणसांच्या मधोमध, आबांच्या फाटक्या आवाजाच्याही खाली, एक जागा रिकामी ऐकू येत होती. तिची रुंदी मला कळत होती, वजन कळत होतं. मला जे आठवेनासं झालं होतं ते तिथं होतं. मी माझी ओळ नेहमीसारखी वरून, त्या जागेवर टेकवून म्हटली.

तिसऱ्यांदा म्हणून झालं. आबा पुढच्या ओळीसाठी श्वास घेत होते. मला तीच ओळ पुन्हा हवी होती. पण तिसऱ्यानंतर चौथ्यांदा म्हणायची पद्धत नाही.