लाल गोटी आणि सेंट

कारखान्यातल्या पेंट शॉपमध्ये, म्हणजे रंगकामाच्या खात्यात, मी टेंपररी होतो आणि मला दमा होता. पहिली गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. दुसरी कळली असती तर पहिलीही उरली नसती. कायम होणाऱ्यांच्या यादीत माझं नाव लागलं होतं आणि चार दिवसांवर मेडिकल होतं. आदल्या वर्षी छातीची तक्रार निघाली म्हणून आमच्यातल्या एकाला सरळ घरी पाठवलं होतं. त्यामुळे पुण्याहून आणलेला तोंडात मारायचा पंप मी संडासात कडी लावून ओढायचो. तेव्हा चिंचवडात असला पंप फारसा कुणी पाहिलेला नव्हता.

शिफ्ट सुटली की गेटवर पिशवीत हात घालून एक गोटी काढायची. लाल आली की झडती. त्या दिवशी मला लाल आली. थिनरच्या वासानं दुपारपासून छाती आवळली होती. बाहेर पडून कधी एकदा पंप ओढतो असं झालं होतं.

वॉचमननं तो खिशातून काढला. "ह्ये काय हाय, राव?"

औषध म्हणावं तर नोकरी गेली. गप्प राहावं तर कंपनीचा माल चोरला.

"सेंट," मी म्हणालो. माझ्या अकलेचे तारे.

त्यानं कॉलरवर एक फवारा मारला. मागच्यानं हात पुढं केला, "बघू की भावा." पंप रांगेत फिरला. कुणी रुमालावर मारला, कुणी काखेत.

"वासच न्हाई याला."

"भारीतला असंल. भारीतला उशिरा दरवळतो."

सगळे हसले. मीही हसलो. हसायलाही श्वास लागतो, हे तेव्हा कळलं. एकेकाचा गळा धरावा असं वाटत होतं, आणि त्यांची काडीची चूक नव्हती.

आधीच संपत आलेला पंप रिकामा होऊन हातात आला. कंपाउंडच्या भिंतीआड उकिडवा बसून मी एकेक श्वास ओढत राहिलो. इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नाही. जाणारे विचारत, "काय पडलं का?" मी नुसती मान हलवायचो.

मेडिकलच्या दिवशी नशिबानं छाती मोकळी होती. मी कायम झालो, त्याच पेंट शॉपमध्ये. दुसऱ्या खात्यात बदली मागायची तर अर्जात कारण लिहावं लागे. निवृत्त होईपर्यंत मी तो अर्ज केला नाही.