स्टॉपरने गोल किती मारले?

मंडळी, दुपारचा राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहितेय.

माधव नगरात आज आमच्या मराठी मंडळाचा गुणगौरव समारंभ होता. माझी मुलगी सई आणि तिची मैत्रीण रिया, दोघी शाळेच्या विजेत्या फुटबॉल संघातल्या. सूत्रसंचालन करणाऱ्या काकांनी माइकवरून सईला विचारलं, "बेटा, गोल किती मारलेस?"

"एकही नाही. मी स्टॉपर आहे."

"म्हणजे नुसतीच उभी होतीस?"

सगळा हॉल हसला. रियाला शाल-श्रीफळ मिळालं, सईला गुलाबाचं फूल.

मी उठलेच. म्हटलं, "काका, स्टॉपर म्हणजे गोलकीपरच्या पुढे, बचावाच्या मधोमध खेळणारी. हल्ली सेंटर बॅक म्हणतात. समोरच्या स्ट्रायकरला हिने अडवलं, म्हणून रियाचा एकच गोल जिंकायला पुरला."

"अहो वहिनी, आप तो बुरा मान गईं! पण टाळ्या गोलालाच पडतात ना?"

हिने काम चोख केलं म्हणून आपल्यावर गोल झाला नाही, आणि गोल झाला नाही म्हणून हिचं काम कुणाला दिसलंच नाही! मग आपण सत्कार करतो तरी कशाचा?

येताना स्कूटरवर, फ्रीगंजच्या पुलावर सई म्हणाली, "आई, मी उत्तर देणारच होते. तू मध्येच उठलीस."

काकांवरचा राग कायम आहे. पण तिचं उत्तर ऐकायचं राहून गेलं, हे जास्त लागतंय. तुम्ही उठला असतात, की थांबला असतात?