कोडोलीकडं वळवलेली गाडी

मी मिस्त्रीच्या हातावर चाक खोलायचा पाना घातला, तेव्हा माझी आई गाडीत मागच्या सीटवर बसली होती. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर सांगता सांगता मी स्वतःचीच बाजू घ्यायला लागेन, ती माझी जुनी खोड आहे.

कोडोलीत माझं खताचं आणि बियाण्याचं दुकान आहे. आईच्या दोन्ही किडन्या गेल्या, तेव्हापासून आठवड्यातून दोनदा तिला डायलिसिसला कोल्हापुरात राजारामपुरीच्या एका दवाखान्यात न्यावं लागतं. गाडी पेट्रोलची, बरीच जुनी, पण धावायला चांगली. त्या उन्हाळ्यात तिनं एक नवीनच खेळ सुरू केला. घरातून झोकात निघायची. अर्ध्या तासानं आचके द्यायला लागायची, जणू मागून कुणीतरी धरून ओढतंय, आणि मग मरायची. चावी फिरवली की स्टार्टर जोरात फिरायचा, पण इंजिन काही पकडायचं नाही. वीस-पंचवीस मिनिटं उन्हात थांबलं की काहीच झालं नाही अशी चालू व्हायची.

आमच्याच रस्त्यावर एका मिस्त्रीचं गॅरेज होतं. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, कमी बोलणारा माणूस. मागं घर, पुढं गॅरेज. त्यानं आधी पेट्रोलचा फिल्टर बदलला. गाडी पुन्हा बंद पडली. मग त्यानं मागची सीट उचलली, मला चावी फिरवायला लावली आणि कान लावून म्हणाला, "ऐका. पंप बोलतोय. पंपाला कायबी झालेलं न्हाय." नळीला मीटर लावून दाब बघितला, तोही बरोबर. तरी मीच हट्ट धरला, पंप बदल. त्यानं मान हलवत बदलला. गाडी पुन्हा बंद पडली. तिसऱ्यांदा त्यानं टाकी रिकामी केली, पेट्रोल काचेच्या बाटलीत भरून रात्रभर ठेवलं, खाली पाणी बसतंय का बघायला. सकाळी पेट्रोल नितळच होतं.

"माझ्या दारात ती एकदाबी बंद पडत न्हाय," तो म्हणाला. "बंद पडल्याशिवाय मी धरू काय?"

मला वाटलं, हा मला बनवतोय. एकदा असं वाटलं की माझ्या डोक्यातून ते निघत नाही.

त्या दिवशी सकाळी आईचा चेहरा सुजला होता. चार दिवसांचं पाणी अंगात साठलेलं, पाय घट्ट, बोलताना दम लागत होता. जोतिबाला रस्ता फुटतो त्याच्या थोडं अलीकडं गाडीनं आचका दिला आणि थांबली. झाड नाही, टपरी नाही. मी खाली उतरून बॉनेटवर इतक्या जोरात बुक्की मारली की पत्रा आत गेला. एक मोटारसायकलवाला थांबला. "पावणं, ढकलू का?" म्हणाला बिचारा. मी त्याला आईवरून शिवी दिली. तो माझ्याकडं बघत राहिला, मग गाडीत बसलेल्या माझ्या आईकडं बघितलं आणि निघून गेला.

मी मिस्त्रीला फोन लावला. तो म्हणाला, "बरं झालं फोन केलासा. दादा, टाकीचं झाकण काढून बगा. काढताना सूं करून आवाज येतोय का तेवढं सांगा."

गाडी मरून पडलेली, आई धापा टाकतेय, आणि हा मला झाकण उघडायला सांगतोय. मला ती चेष्टा वाटली. मी जेवढ्या येत होत्या तेवढ्या शिव्या दिल्या.

"शिव्या मागनं द्या," तो म्हणाला, "आदी झाकण काडा."

मी फोन कापला.

पंचवीस मिनिटांनी गाडी चालू झाली. तोंड कोल्हापूरकडं होतं. दवाखाना तिथून फार लांब नव्हता, उशीर झाला तरी आईचा नंबर त्यांनी धरला असता. मी गाडी वळवली. कोडोलीकडं.

आई म्हणाली, "आरं, दवाखाना तिकडं हाय की."

मी गिअर टाकला. ती पुन्हा तेच म्हणाली, मग दम लागून गप्प झाली. आजही मला विचारलं तर त्या दिवसातली सगळ्यात वाईट गोष्ट मी गाडी वळवली ती. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

गाडी परतीच्या वाटेवर एकदा आचके खायला लागली, पण तशीच रेटत गॅरेजपर्यंत आणली. मिस्त्री एका मोपेडपुढं उकिडवा बसला होता. मला बघून उठला आणि हात पुसत म्हणाला, "बगितलंसा का?" मी डिकीतून पाना काढला होता. पहिला फटका त्याच्या डोक्याच्या रोखानं होता, हे मी पोलिसांपुढंही कबूल केलंय. त्यानं उजवा हात आडवा धरला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. वाळकी फांदी मोडल्यासारखा नव्हता तो, ओला होता. तो खाली बसला. मी दुसरा फटका त्याच्या खांद्यावर घातला. तिसऱ्यासाठी हात वर नेला होता.

त्याची बायको घरातून धावत आली. तिच्या हातात दूध तापवायचं पातेलं होतं, ते तिनं माझ्या तोंडावर मारलं. दूध फार गरम नव्हतं, पण पातेल्याचा काठ भुवईवर बसला आणि रक्त डोळ्यात उतरलं. मी तिच्यावरही हात उगारला. तोवर समोरच्या दुकानातली माणसं पोचली. त्यांनी मला मागून धरून पाडलं. एकानं माझ्या बरगडीत लाथ घातली, दुसऱ्यानं तोंडावर. खालच्या ओळीतला एक दात तिथंच पडला. ही सगळी माझ्या ओळखीची माणसं होती, दर हंगामात माझ्याकडून खत नेणारी. कुणीतरी ओरडत होतं, "मारू नका, पोलिसांत द्या." आणि ह्या सगळ्याच्या वर आईचा आवाज. ती माझं नाव घेत नव्हती. "त्येला सोडवा, त्येला सोडवा," म्हणत होती. मला वाटलं, माझ्यासाठी म्हणतेय. तिनं नंतर मला सांगितलं की ती मिस्त्रीबद्दल म्हणत होती.

पोलिसांनी मला नेलं. आईचं काय झालं हे मला त्या वेळी सुचलंही नाही, हे लिहिताना लाज वाटते.

जे झालं ते आईनं चार दिवसांनी, मी जामिनावर सुटून घरी आल्यावर, बाजेवर पडल्या पडल्या सांगितलं. शेजारच्या भाजीवाल्यानं मिस्त्रीला कोल्हापूरला न्यायला आपली जीप काढली. मिस्त्रीचा हात टॉवेलात गुंडाळलेला, तोंड पांढरं पडलेलं. जीपमध्ये चढता चढता तो म्हणाला, "ती म्हातारी गाडीतच बसलीया. तिचा डायलिसिस ऱ्हायलाय. तिला बी घ्या." त्याची बायको कडाडली, "तिच्या लेकानं तुमचा हात मोडला, आन् तिला घ्या?" तो म्हणाला, "घ्या म्हंतोय न्हवं." मग त्या बाईनंच माझ्या आईला काखेत धरून जीपमध्ये चढवलं. सगळा रस्ता ती आईशी एक शब्दही बोलली नाही. आई पिशवी मांडीवर धरून खाली बघत बसली. गचका बसला की मिस्त्री कण्हायचा. घाट उतरताना तो आईला म्हणाला, "मावशी, त्येला झाकण बगाय सांगा. न्हायतर परत बंद पडंल, आन् तुमचीच फजिती हुईल."

दवाखान्यानं आईला पुढच्या पाळीत घेतलं. तिच्या हाताला नळ्या लावल्या, तेव्हा मिस्त्रीच्या हातावर दुसरीकडं ऑपरेशन चाललं होतं. सळी घालावी लागली.

आईनं हे सांगितलं आणि भिंतीकडं तोंड केलं.

त्याच दिवशी भर दुपारी मी गाडी आणायला गेलो. गॅरेजला कुलूप होतं. गाडी जिथं सोडली तिथंच उभी होती. रस्त्यावरची माणसं माझ्याकडं बघत होती. मी गाडी घाटाच्या दिशेनं काढली. अर्ध्या तासानं तिनं आचका दिला आणि मेली. मी उतरलो. टाकीच्या झाकणात किल्ली घातली, फिरवलं. सूं करून लांबलचक आवाज आला, टाकी कुणीतरी दाबून धरलेला श्वास आत ओढत असल्यासारखी. चावी फिरवली. पहिल्याच फेऱ्याला इंजिन पकडलं.

माझा विश्वास बसेना. झाकण लावून पुन्हा चालवली. पुन्हा बंद. झाकण काढलं, सूं, पुन्हा चालू. असं मी तीनदा केलं. मग झाकण उघडंच ठेवून तासभर चालवली. एकदाही थांबली नाही.

दीड महिन्यामागं पेट्रोल पंपावर टाकीचं जुनं झाकण विसरून आलो होतो. रस्त्याकडेच्या टपरीवर कुलपाचं एक झाकण मिळालं, ते लावलं. गाडी त्याच आठवड्यात बंद पडायला लागली होती आणि मी मिस्त्रीला त्या झाकणाबद्दल अवाक्षर बोललो नव्हतो.

तिथून मी तडक मिस्त्रीच्या घरी गेलो. दारात त्याची बायको उभी राहिली. "आत यायचं न्हाय. काय बोलायचं ते रस्त्यावरनं बोला."

मी रस्त्यावर उभा राहिलो. मिस्त्री खुर्चीवर येऊन बसला, हात गळ्यात बांधलेला. मी काय काय बोललो ते नीट आठवत नाही. माफी मागितली एवढं खरं. तो ऐकत होता की नाही कळत नव्हतं. मग त्यानं विचारलं, "झाकण काढल्यावर किती येळानं चालू झाली?"

"लगेच."

"आवाज आला?"

"आला. बराच वेळ."

त्यानं मान डोलवली. "तुमच्या गाडीच्या टाकीची हवेची नळी मातीनं बुजलेली असणार. जुन्या झाकणाला भोक हुतं, त्यातनं हवा जायची. ह्याला न्हाय. पेट्रोल निगतंय, पण त्याच्या जागी हवा आत शिरत न्हाय. मग पंप वडून वडून दमतोय. टाकी मोकळी करताना तुमी झाकणाची ती बारकी येगळी किल्ली दिलीसा न्हवं, रात्री पडल्यावर ती डोळ्यापुढं आली, झाकण बदललंय हे ध्येनात आलं. म्हणून फोनवर म्हणालो." त्यानं गळ्यातला हात सावरला. "केस मागं घेणार न्हाय मी."

"घेऊ नका," मी म्हणालो.

"तुमी सांगायची गरज न्हाय," त्याची बायको म्हणाली, आणि दार लावलं.

घरी आल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. सांगताना रडलो. ती भाकऱ्या करत होती. पीठ मळता मळता, माझ्याकडं न बघता म्हणाली, "मला मारलं तवा गाव गोळा झालं न्हवतं, म्हणून तुमाला कळलं न्हाय."

आमच्या लग्नाला तेव्हा सोळा वर्षं झाली होती. किती वेळा, ते मी मोजलं नव्हतं. तिनं मोजलं असावं. मी उठून बाहेर गेलो, कारण तिथं बसून तिचं तोंड बघायची ताकद नव्हती.

खटला अजून चालू आहे. वकील म्हणतो, पहिला फटका डोक्याच्या रोखानं होता हे बोलायला नको होतं. मी जबाब बदललेला नाही. मिस्त्रीचं मनगट पूर्ण फिरत नाही. मोठी कामं तो आता माणूस लावून करून घेतो, स्वतः खुर्चीवर बसून सांगतो.

आई माझ्या मागं गाडीत बसायला तयार नव्हती. वाद घातला नाही, फक्त बसली नाही. दोन महिने भाजीवाल्याच्या जीपनं गेली. मग बायकोनं गाडी शिकून घेतली. पहिल्या दिवशी मी दुकानाच्या पायरीवर उभा होतो. तिनं आईला पुढं बसवलं, पट्टा लावला, आरसा सारखा केला. गाडी एकदा गचका देऊन थांबली, क्लच लवकर सुटला होता. आई हसली. मग त्या दोघी निघून गेल्या.